छोट्याला खालून दम हवा होता

माझा थोरला मामा बोलायच्या आधी घसा खाकरतो, उजव्या हाताची दोन बोटं हवेत उभी करतो आणि म्हणतो, "आता बघ हं, गंमत काय आहे..." गंमत बिंमत काही नसते. हवा असते. जगातल्या सगळ्या भानगडी शेवटी हवेपाशी येऊन थांबतात असं त्याचं ठाम मत आहे. बाळ का रडतं? हवा. सरकार का पडतं? हवा. शेजारच्या टायरवाल्याचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा अख्खी गल्ली हळहळत होती, आणि मामा घसा खाकरून म्हणाला, "आता बघ हं, गंमत काय आहे, दोघांचं टायमिंगच जुळत नव्हतं." टायरवाला त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे चहाला आला नाही. मग आला. चहा फुकट होता ना.

गल्लीच्या टोकाला मामाचं वर्कशॉप. खाली लेथ, आर्गॉन वेल्डिंगचं मशीन, ॲल्युमिनियमच्या पाइपांची चळत आणि कायम अर्धवट उघडलेली एखादी गाडी. वर आम्ही. खाली इंजिन सुरू झालं की वर मांडणीतल्या ताटल्या दात वाजवल्यासारख्या कडकडतात आणि आई पाय आपटून ओरडते, "अरे ए, घर आहे हे! विमानतळ नाही!" खालून दोन मामांपैकी एकाचा आवाज येतो, "झालंच ताई, झालंच!" तो धाकटा. थोरला उत्तर देत नाही. त्याला ऐकूच येत नाही, असं तो म्हणतो. स्वतःचं नाव कुणी हळू आवाजात घेतलं तर मात्र तिसऱ्या खोलीतून येतं.

थोरल्याचा डावा गुडघा वाकत नाही. तरुणपणी तो गाड्या पळवायचा, जुन्या विमानतळाच्या लांबलचक सरळ धावपट्टीवर. एकदा गाडी उलटली आणि गुडघा गेला. क्लच दाबता येईना, म्हणून स्टिअरिंग सुटलं. गाडी धाकट्याच्या हातात आली आणि थोरल्याच्या हातात पाना राहिला. लग्न त्याने केलं नाही. "गुडघा वाकत नाही म्हणे," आई सांगते, "बाकीचा माणूस तरी कुठे वाकतोय?"

धाकटा मामा अगदी उलट. त्याची नक्कल करायची म्हणजे फार कठीण काम, कारण तो बोलतच नाही. 'म्हणजे...' म्हणतो आणि थांबतो. पुढचं थोरला म्हणतो. धाकट्याची वाक्यं थोरल्याने पुरी करायची ही आमच्या घरातली जुनी वहिवाट. जेवताना धाकटा म्हणणार, "मला जरा..." की लगेच थोरला, "मीठ! दे गं त्याला मीठ. बघ हं, मला कसं बरोबर कळतं." धाकट्याला पाणी हवं असतं. तो मीठ घेतो, पानात वाढतो आणि ते खारट झालेलं गुमान खातो. धाकटी मामी शेजारी बसून हे बघत असते. ती काही बोलत नाही, फक्त पाण्याचा तांब्या उचलून नवऱ्यासमोर जरा जोरात ठेवते.

एकदा दुपारी जेवताना मात्र धाकटी मामी बोलली. तिचा भाऊ लांबच्या गावात मोठं शीतगृह चालवतो. तिथली यंत्रं सांभाळायला त्याला माणूस हवा होता, राहायला घरही देणार होता. "आम्ही जावं म्हणतोय," मामी म्हणाली. आमटीच्या वाटीकडे बघत म्हणाली, पण म्हणाली.

थोरल्याने हातातला घास खाली ठेवला. "कुठे जावं?"

"भावाकडे."

"हा?" त्याने धाकट्याकडे बोट केलं. "हा बर्फाच्या कारखान्यात बसणार? हा इंजिनाचा माणूस आहे. याला काय..."

"शीतगृह, दादा," धाकटा म्हणाला.

"तेच ते. थंडच ना! आता बघ हं, गंमत काय आहे, छोट्याला तिथे करमणारच नाही. हो की नाही रे छोट्या? तो म्हणतोय नाही करमणार."

धाकटा काहीच म्हणाला नव्हता. त्याने पाण्याचा पेला उचलला, सगळा प्यायला, खाली ठेवला. मग त्याने एक वाक्य सुरू केलं आणि आमच्या सगळ्यांच्या देखत ते शेवटापर्यंत नेलं.

"दादा, पुढच्या महिन्यात घाटाची शर्यत आहे. मी पळवतो त्या गाडीला एक नवा मॅनिफोल्ड कर. माझ्या सांगण्याप्रमाणे. तुझ्या नाही, माझ्या. एकदाच. तसा झाला तर आम्ही जात नाही."

मामीने नवऱ्याकडे असं बघितलं की हे दोघांनी आधी ठरवलेलं नाही हे आम्हाला कळलं.

"एवढंच?" थोरला हसला. "अरे, सांग की. काय हवंय?"

"घाटात वळणं आहेत. सरळ रस्ता जवळजवळ नाहीच. वळणातून बाहेर निघताना इंजिन सावकाश, खालच्या फेऱ्यांवर फिरत असतं, तिथे मला ओढ हवी. वर ते कितीही ओरडू दे, मला नाही मिळाली तरी चालेल. मला खालून दम हवा."

"दिला!" थोरला म्हणाला.

"दिला म्हणे," आई म्हणाली. "पोळी आहे काय, ताटात टाकायला?"

पण आई हसत होती. धाकटा राहणार म्हणजे घर राहणार, एवढं गणित तिने तिथल्या तिथे केलं होतं. थोरला एकटा खाली आणि आम्ही दोघी वर, ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती. "तो एकटा असला ना," ती मला नंतर भांडी घासताना म्हणाली, "तर भिंतीचीसुद्धा वाक्यं पुरी करेल."

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे काय ते मला थोरल्याने लहानपणापासून इतक्या वेळा सांगितलंय की मी त्याच्याच आवाजात सांगते. घसा खाकरा, दोन बोटं वर. "आता बघ हं, गंमत काय आहे. इंजिनाला जेवायला हवा लागते. बाहेर एक दार, दारामागे एक पेटी, पेटीतून चार नळ्या चार सिलिंडरकडे. झाला मॅनिफोल्ड. कारखान्यातून येतो तो सगळ्यांना चालेल असा असतो, म्हणजे कुणालाच धड चालत नाही. आता नळीतून हवा धावत आली आणि समोर व्हॉल्व्ह धाडकन बंद! हवा काय करणार? आपटणार, मागे फिरणार, पेटीपर्यंत जाणार, तिथून पुन्हा उलटणार. ती परत येऊन व्हॉल्व्हपाशी पोचायला आणि व्हॉल्व्ह उघडायला एक गाठ पडली की इंजिनाला एक घास जास्तीचा. नळी लांब असली की फेरी लांब, म्हणजे सावकाश फिरणाऱ्या इंजिनाशी जुळते. नळी आखूड असली की फेरी छोटी, म्हणजे भन्नाट पळणाऱ्या इंजिनाशी. लांब आणि बारीक नळी खालून ओढते. आखूड आणि जाड नळी वर जाऊन गाते. दोन्ही एकदम मिळत नाही. हे ज्याला कळलं त्याला सगळं कळलं."

त्यालाच कळलेलं होतं, हे मला मुद्दाम सांगून ठेवायचंय.

कारण सुरुवात त्याने अगदी बरोबर केली. इंजिन गाडीतून काढून स्टँडवर घेतलं. जमिनीवर खडूने नळ्यांची वळणं काढली, ओल्या फडक्याने पुसली, पुन्हा काढली. बारीक पाइप निवडले. लांबी एवढी धरली की चारी नळ्या पेटीतून निघून कमान करून इंजिनावर उतरत होत्या. धाकटा नळी धरायचा, थोरला टाका घालायचा. निळा उजेड, फसफस आवाज, आणि मग थोरला काच वर करून विचारायचा, "बरोबर?" विचारायचा! मी जिन्यात बसून ऐकलंय. धाकटा म्हणायचा, "अजून जरा बाहेर." आणि थोरला चक्क जरा बाहेर घ्यायचा. टायरवाला दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काय हो, आज तब्येत बरी नाही का? दुसऱ्याचं ऐकताय ते."

"तू तुझी हवा भर," थोरला म्हणाला.

सगळं जोडून झाल्यावर थोरल्याने एकेका नळीचं तोंड बंद करून आत हवा भरली, वरून साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडे शोधले. एकही नव्हता. धाकट्याने त्या जोडणीवरून हात फिरवला. एखाद्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "म्हणजे..." तो म्हणाला.

"म्हणजे झकास," थोरला म्हणाला, आणि त्या वेळी बहुतेक त्याने वाक्य बरोबर पुरं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी धाकटा बायकोला घेऊन मेहुण्याकडे गेला. शर्यतीपर्यंत थांब, मग कळवतो, हे फोनवर सांगणं बरं दिसत नाही, तोंडावर सांगून येतो म्हणाला. मामीने पिशवी भरताना आईला हळूच सांगितलं, "नाहीच म्हणणार आहेत ते. मला माहितीये. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नाही." तिला स्वतःला जायचं होतं, तरी हे सांगताना तिचा चेहरा फुलला होता. असतात अशा बायका.

ते गेले आणि पेंटरकडून बॉनेट आलं.

गाडीच्या बॉनेटला पोचा आला होता म्हणून ते सुरुवातीपासून पेंटरकडे पडलेलं होतं. म्हणजे थोरल्याने एवढा सगळा मॅनिफोल्ड स्टँडवरच्या इंजिनावर, मोकळ्या हवेत, वर काहीही नसताना बनवला होता. बॉनेट असतं तर इंजिनावर मऊ मातीचे गोळे ठेवून ते मिटून बघायचं, गोळा किती चेपला त्यावरून जागा किती हे कळतं. प्रत्येक मेकॅनिक हे करतो. थोरला दुसऱ्यांना हे न केल्याबद्दल शिव्या घालतो. स्वतः मात्र म्हणाला होता, "मला अंदाज आहे."

इंजिन गाडीत उतरवलं, वर बॉनेट टेकवलं. चमचमीत गडद लाल. त्यात तोंड दिसत होतं. ते खाली आलं, आलं, आणि नळ्यांच्या कमानीवर टेकून तोंड उघडं ठेवून थांबलं. चार बोटं फट.

टायरवाला वाकून फटीत बघत म्हणाला, "जांभई आलीय हो गाडीला."

थोरला खाली वाकला. फट बोटांनी मोजली, परत मोजली. दुसऱ्यांदा बोटं बारीक झाली असती तर बरं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"बॉनेटला भोक पाडा की," टायरवाला म्हणाला. "वर एक कुबड बसवा. घाटातल्या निम्म्या गाड्यांना असतं."

"या बॉनेटला? आजच आलंय ते!"

"मग नळ्या आडव्या वळवा. झोपवा त्यांना."

"इतकी वळणं दिली तर हवा चक्कर येऊन पडेल."

हे खरं नव्हतं. वळवून बसवता आल्या असत्या, वेळ लागला असता एवढंच. त्याने मलाच एकदा असा मॅनिफोल्ड दाखवला होता, झोपलेल्या नळ्यांचा, आणि कौतुकाने सांगितलं होतं की कुणीतरी डोकं वापरलंय.

आई जिन्यातून उतरून आली होती. "छोट्याला फोन कर," ती म्हणाली. "त्याला विचार काय करायचं ते. शब्द दिलायस."

"करतो की."

त्याने केला. आम्ही शेजारी उभ्या. "हॅलो, छोट्या? पोचलात ना? हां. हां. पाऊस आहे का तिकडे? ... इकडे नाही. अरे, बॉनेट आलं. काय रंग चढलाय म्हणून सांगू! तोंड बघून घे. ... हो हो. सगळं ठीक. ... तू काळजी नको करू. ... बरं, ठेवतो."

आई त्याच्याकडे बघत राहिली. "विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? तो म्हणाला असता, तुला योग्य वाटेल ते कर. मी ओळखत नाही काय त्याला?"

आणि आईसुद्धा, जी कुणालाही सोडत नाही, ती यावर काही बोलली नाही. कारण धाकटा खरंच तसं म्हणाला असता, हे तिलाही ठाऊक होतं. आयुष्यभर त्याला तेवढंच म्हणायची सवय लावलेली होती. तिनेही लावलेली होती.

मग थोरल्याने नळ्या कापल्या.

आधी चार बोटं. मग म्हणाला, एवढ्या आखूड नळ्या बारीक ठेवून काय उपयोग, ना धड इकडची ना धड तिकडची. मग माळ्यावर चढला, वाकत नसलेला गुडघा फरफटत, आणि जुन्या गोणपाटात गुंडाळलेले चार जाड पाइप खाली घेऊन आला. सरळ, आखूड, तोंडाशी कर्ण्यासारखे उमललेले. धावपट्टीच्या दिवसांतले. ते कुणासाठी जपून ठेवले होते हे कुणी विचारलं नाही. ते बॉनेटखाली इतके नेमके बसत होते, की त्यांचीच वाट बघत बॉनेट थांबलं होतं असं वाटावं.

वेल्डिंग करताना तो शीळ घालत होता. मी मामाला शीळ घालताना त्याआधी ऐकलं नव्हतं. सुरेल होती. मला ती अजून येते, पण मी ती कुणाला करून दाखवत नाही.

डायनोवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात. डायनो म्हणजे गाडीची चाकं फिरत्या रुळांवर ठेवून ती जागच्या जागी पळवायची आणि इंजिनाची ताकद मोजायची. हा माणूस गाडीशी बोलतो तेच दवाखान्यातल्या आवाजात. "या, या. बसा. घाबरायचं नाही. आधी जरा गरम होऊन घ्या. हं, आता दीर्घ श्वास..." शर्यत परवावर आली होती. धाकटा मेहुण्याच्या गावाहून थेट तिथेच आला, मामी मागे पिशवी घेऊन.

डॉक्टरने बॉनेट उघडलं. धाकट्याने आत बघितलं.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. काही झालं नाही त्या तोंडाचं. ती त्याची कमालच आहे.

"बॉनेट लागत नव्हतं," थोरला घाईघाईने म्हणाला. "म्हणून जरासा बदल. आता बघ हं, गंमत काय आहे, तू ऐकच नुसतं."

डॉक्टरने पेडल दाबलं. आधी काहीच विशेष नाही, नुसती गुरगुर. पेंगुळलेलं 'ब्वॉ, ब्वॉ, ब्वॉ'. मग सुई वर चढली आणि इंजिन एकदम जागं झालं. 'ब्वॉ'चं 'वाऽ' झालं, 'वाऽ'चं 'ईऽऽ' झालं. छपराचे पत्रे थरथरले. मामीने कान झाकले. बाहेरची चार माणसं आत धावली. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंच होतं. तो काचेतून आत नव्हता बघत, कुठेतरी लांब, सरळ, मोकळ्या धावपट्टीवर बघत होता.

पडद्यावर ताकदीची रेघ उमटली आणि आकडा आला. डॉक्टर आपला आवाज विसरून ओरडला, "अरे बाप रे!" या गाडीने एवढा आकडा कधी दिला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी थोरल्याच्या पाठीवर थाप मारली, कुणी विचारलं, "आम्हाला करून द्याल का असाच?" थोरला सगळ्यांना हसून होकार देत सुटला.

धाकटा पडद्याजवळ गेला. आकडा वरच्या टोकाला होता. त्याने बोट ठेवलं ते खाली, जिथून रेघ निघत होती तिथे. ती रेघ बराच वेळ जमिनीलगत सरपटत होती, मग कुठे उभी राहत होती. त्याचं बोट तेवढ्या भागावरून एकदा सरकलं.

"कसा वाटला?" थोरल्याने विचारलं. "बोल ना!"

"छान आहे, दादा," धाकटा म्हणाला.

घरी येताना मागच्या सीटवर मामीने त्याला हळू विचारलं, "तुम्ही सांगितलं होतं तसं झालं का?"

"आवाज चांगला आहे," तो म्हणाला.

मामीने पिशवी मांडीवरून काढून पायाशी ठेवली आणि परत मांडीवर घेतली. मेहुण्याला काय सांगून आलात हे त्या दोघांना कुणी विचारलं नाही. थोरला पुढे बसून आकडा घोकत होता.

शर्यतीच्या सकाळी पोलिसांनी घाट बंद केला. गाड्या एकेक करून सोडतात, प्रत्येकीची वेळ घेतात. आम्ही तिसऱ्या वळणावर उभे होतो. केसातली पिन वाकवावी तसं ते वळण, आणि त्याच्या आधी घाटातला एकमेव बऱ्यापैकी सरळ तुकडा. थोरल्याने मुद्दाम ती जागा निवडली होती. आई, मी, टायरवाला, सगळे कठड्याच्या आत. मामी आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

आमची गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. सरळ तुकड्यावर तिने जो आवाज लावला, 'ईऽऽऽ', त्याने पलीकडच्या झाडातली पाखरं उडाली. "ऐक!" थोरला माझा दंड दाबत म्हणाला. "ऐक, ऐक, ऐक!" लोक माना वळवून बघायला लागले. त्याची छाती फुगली होती.

मग वळण आलं. धाकट्याने ब्रेक लावला, गाडी आत घेतली, सुंदर घेतली, नेमकी आतल्या दगडाला घासून, आणि बाहेर निघायला पेडल दाबलं.

ब्वॉ.

ब्वॉ... ब्वॉ...

गाडी ओझं घेतलेल्या माणसासारखी चढावर रेंगाळली. आवाज नुसता गळ्यात घुटमळला. धाकट्याने ती हलवली, डिवचली, पायाने जेवढं आर्जव करता येतं तेवढं केलं. काचेतून त्याचं हेल्मेट दिसत होतं, पुढे झुकलेलं, जणू तो अंगानेच तिला ढकलत होता.

"गिअर पाड!" थोरला ओरडला. "अरे गिअर पाड ना!"

"पहिल्यातच आहे," टायरवाला म्हणाला. "आणखी कुठे पाडणार, दरीत?"

पुढे कितीतरी वेळाने पुन्हा तो 'ईऽऽऽ' ऐकू आला, आणि लगेच मेला, कारण पुढचं वळण आलं होतं. तसंच मग वरपर्यंत. ईऽऽ, ब्वॉ. ईऽऽ, ब्वॉ. डोंगर एकेक घास परत ओकायला लावत होता. थोरल्याने माझा दंड सोडला. त्याच्या बोटांचे ठसे उमटले होते. आई त्याच्याकडे बघत नव्हती, तीही रस्त्याकडेच बघत होती.

निकालाचा फळा लागला तेव्हा आम्ही वरून वाचायला सुरुवात केली. खालून केली असती तर लवकर सापडलो असतो.

धाकटा गाडीतून उतरला, हेल्मेट काढलं, घामाने केस चिकटले होते. थोरला लंगडत त्याच्याकडे गेला आणि पोचायच्या आधीच बोलायला लागला. वळणात जरा जास्त फेऱ्या ठेवायला हव्या होत्यास, क्लच थोडा घसरवायला हवा होता, पेडल आधी दाबायला हवं होतं, आम्ही धावपट्टीवर काय करायचो माहितीये ना. धाकटा सगळं ऐकून घेत होता. ते संपेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "ही गाडी तुझी झालीये, दादा. तू बसला असतास तर तिने तुला हवं ते दिलं असतं. मला तिच्यात बसायला जागाच नाही. म्हणजे..."

"म्हणजे नळ्या थोड्या लांब हव्या होत्या," थोरला म्हणाला.

धाकट्याने मान हलवली. हो अशी नाही आणि नाही अशीही नाही. पाण्याची बाटली उचलून तो कठड्यावर जाऊन बसला.

टेम्पो आला तेव्हा फारसं सामान नव्हतं. दोन ट्रंका, गाद्या, मामीचं शिवणयंत्र. हत्यारांतलं धाकट्याने काहीच घेतलं नाही. "तिकडे मिळतील," म्हणाला. आईने मामीला मिठी मारली आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मामी म्हणाली, "तुम्ही या ना ताई, रजेत या." आईने "येऊ की" म्हटलं. दोघींना माहीत होतं कसलं येणं.

थोरला दारात कॅलिपर घेऊन उभा होता. नळीचं तोंड मोजायचं ते यंत्र, ते त्याच्या हातात असतंच. शर्यतीपासून तो त्या एकाच गोष्टीवर बोलत होता. मातीचे गोळे ठेवले असते तर. नळ्या आडव्या वळवल्या असत्या तर. टेम्पोवाल्यालासुद्धा त्याने सामान चढवताना हवेची फेरी समजावून सांगितली, आणि टेम्पोवाला "हो का, हो का" करत गादी खांद्यावर घेऊन ताटकळला.

धाकटा त्याच्या पाया पडायला वाकला. थोरल्याने त्याला अर्ध्यातच उठवलं.

"मी काय म्हणतो, छोट्या," तो म्हणाला. "पाच इंच. पाच इंच लांब ठेवल्या असत्या तर झालं असतं. हो की नाही? तेवढंच चुकलं."

"लांबीचं नाही रे ते, दादा."

थोरला थांबला. त्याने खरंच विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले, आणि एक क्षण मला वाटलं, आता याला दिसणार. आईलाही वाटलं असावं, तिने पदर तोंडाशी नेला. धाकटा भावाच्या तोंडाकडे बघत होता, आणि मी त्याला कधीच इतकं नीट कुणाकडे बघताना पाहिलं नव्हतं. टेम्पोवाल्याने इंजिन सुरू केलं तरी तो हलला नाही.

"मग?" थोरला म्हणाला. "व्यासाचं?"

धाकट्याने श्वास सोडला. हसला. भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो खांदा जरासा दाबला.

"हो," तो म्हणाला. "व्यासाचंच असणार."

"बघ!" थोरल्याचा चेहरा उजळला. "मी म्हणतच होतो! मला रात्रभर तेच वाटत होतं!"

टेम्पो गेला. गल्लीच्या वळणावर मामीचा हात बाहेर आला, मग तोही गेला. टायरवाला आपल्या टायरांकडे परत गेला. थोरला तोवर आत वळला होता. लंगडत, भराभर. लगेच पाइप उपसल्याचा खणखणाट सुरू झाला.

आई वर आली. ओट्यापाशी उभी राहिली, नळ सोडला, एकही भांडं हातात न घेता पाण्याकडे बघत राहिली. खालून थोरल्याचा आवाज आला, खुशीतला, मोठा, सगळ्या घरभर:

"अडतीस! अगं ऐकतेस का? अडतीस मिलिमीटर हवा होता!"

आईने नळ आणखी मोठा केला.